दात घेऊन आलेलं लेकरू

माय, आज सकाळी नातवानं एका दमात पोटभर दूध पिलं. मध्ये थांबला नाही, किंचाळला नाही, तोंड काढून घेतलं नाही. पोरगी पाजत होती आणि मी बाजूलाच भिंतीला पाठ लावून बसले होते. मांडीवर मेथीची जुडी, निवडायचं राहूनच गेलेलं, नुसती त्याच्या गिळण्याचा आवाज ऐकत होते. एवढंसं लेकरू आणि पिताना केवढा आवाज करतंय, आपल्या म्हशीचं रेडकू करायचं तसा. पोरगी म्हणाली, आई, आता रडतेस कशाला, पितोय ना. मी म्हणाले, कोण रडतंय, या मेथीला लई माती आहे. तेव्हाच ठरवलं की तुला हे सगळं सांगायचं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यापुढं बसून वाचावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नसतं. तुझ्या तोंडावर मी आयुष्यात एकदाच वाईट बोलले, आणि ते इतकं वाईट होतं की पुढं आपण दोघींनी मिळून त्याच्यावर पांघरूण घातलं.

तर ऐक. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं नांदेडला आली. बाळ झालं, सिस्टरनं दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि हसत म्हणाली, आजी, तुमचा नातू दात घेऊन आलाय बरं का. मी त्याचा खालचा ओठ हळूच ओढून बघितला. खालच्या हिरडीवर, अगदी मधोमध, तांदळाच्या कणीएवढा पांढरा दात. लेकरांचे डॉक्टर आले, त्यांनी बोटानं दात हलवून बघितला. म्हणाले, घट्ट आहे, राहू द्या, एखाद्या बाळाला असतो, फक्त पिताना त्रास होतोय का तेवढं बघत जा. पोरगी आणि जावई हसत होते, दाताचे फोटो काढत होते. मला मात्र त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या आपली शिरूर अनंतपाळजवळची गावाकडची खोली दिसायला लागली. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, शेपा आणि ओव्याचा वास, आणि तू.

कारण माझी ही पोरगी पण तशीच आली होती. तिचा दात बघून मी हसले होते, तुला आठवत असेल. तू हसली नाहीस. तू पदराचं टोक तिच्या तोंडावर टाकलंस आणि मला म्हणालीस, "लेकराचं त्वांड झाक. कुणाला दावायचं न्हाई. मामाला जड असतंय." आपल्याकडं म्हणतातच की दातासकट जन्मलेलं लेकरू मामाच्या जिवावर येतं. आणि हिचा मामा म्हणजे माझा दादा, तुझा एकुलता एक पोरगा, तेव्हा लातूरला दाळ मिलमध्ये कामाला. तू त्याला निरोप धाडलास की गावात गोवर आलाय, महिनाभर फिरकू नको. सुइणीला नवं लुगडं देऊन गप्प बसवलंस. बायका बाळ बघायला आल्या की आत्ताच निजलंय म्हणायचीस. मी एकवीस वर्षांची, अंगात त्राण नाही, तू म्हणशील ती पूर्व दिशा.

आठवडाभरात पोरगी पिताना रडायला लागली. दोन घोट घ्यायची आणि चटका बसल्यासारखी मान मागं टाकायची. तू म्हणालीस, तोंड आलंय. मधात टाकणखार कालवायचीस आणि बोटानं तिच्या जिभेवर फिरवायचीस. जिभेवर, माय. जिभेखाली काय झालंय ते तू कधी बघितलंच नाहीस, कारण बघायला गेलं की तो दात बघावा लागला असता. मी म्हणायचे, शिरूरच्या दवाखान्यात तरी नेऊ. तू म्हणायचीस, दवाखान्यात नेलं की गावभर होतंय. वाटी-चमच्यानं दूध घालायचीस, त्यातलं निम्मं गळ्यावरून ओघळायचं. पोरीच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. तुला ते दिसत होतं, आणि तरी तू दारात बसून राहिलीस, कुणी आत येऊ नये म्हणून.

दादाला मिलमध्ये आपल्या गावचा कुणीतरी भेटला आणि बोलता बोलता म्हणाला की गावात गोवर-बिवर काही नाही. दादा त्याच दिवशी एसटीनं आला. तू उंबऱ्यात आडवी झालीस, त्यानं तुला बाजूला केलं आणि बाजेवरून पोरगी उचलली. ती रडली, तोंड उघडलं तसा दात दिसला, जीभ वर गेली तशी खालची जखमही दिसली, पांढरट, मसुराच्या डाळीएवढी, कडा सुजलेल्या. दादा म्हणाला, हिला लातूरला न्यायची, आत्ताच्या आत्ता. तू त्याचा हात धरलास. तुझ्या जिवाला काही झालं तर, म्हणालीस. त्यानं हात सोडवून घेतला. "माझं काय व्हायचं ते व्हऊ दे. ही मरून राहिलीय, दिसत न्हाई का तुला?" लातूरला एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरनं, दात हलतच होता म्हणून, तो चिमट्यात धरून अलगद काढला. दोन थेंब रक्त, कापसाचा एक बोळा. दुसऱ्या दिवशी पोरगी प्यायला लागली. एवढ्याशा गोष्टीपायी आपण तिला मरणाच्या दारात नेलं होतं.

परत आले तेव्हा तू चुलीपुढं बसली होतीस. मी उंबऱ्यातूनच बोलले. "तुझ्या पोरासाठी माझी पोरगी मारायला निघाली होतीस तू. तुला पोरी नकोच होत्या कधी." तुझ्या हातात भाकरी होती. ती तू तव्यावर टाकलीस, पाणी लावलंस, उलटलीस, फुगू दिलीस, आणि मग म्हणालीस, "हात धू. ऊन ऊन खाऊन घे, पाजायचंय तुला." बस, एवढंच. त्या भाकरीचा मला इतका राग आला की काय सांगू. भांडली असतीस, रडली असतीस, माझ्या थोबाडीत दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

नंतर सगळं रीतीप्रमाणं झालं. दर पंचमीला दादा मला न्यायला यायचा, तू पुरणाचे दिंड करायचीस, मी झोका खेळायचे, माझा पोरगा झाला तेव्हाही तू बाळंतपण केलंस. पण ते वाक्य आपल्या मध्ये बसून असायचं. तू स्वतः मात्र पंचमीला कधी माहेरी गेली नाहीस. लहानपणी मी विचारलं होतं, तर म्हणालीस, माझ्या माहेरी झोका बांधायला झाडच नाही. मी ते खरं मानलं. आणि मोठी झाल्यावर, राग असला की मनात म्हणायचे, जिला माहेराची ओढ नाही तिला लेकीचं दुखणं काय कळणार. हे पण आज सांगून टाकते.

आता माझं ऐक, आणि हसायचं तर हस. मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. दुसऱ्यांच्या लेकरांच्या तोंडात बॅटरी मारून बघण्यात माझी हयात गेली. ओठांचे कोपरे फाटलेली लेकरं, जिभेवर दह्यासारखा थर बसलेली, ताप येऊन हिरड्या सुजलेली आणि तोंडभर फोड, नुसती लाळ गळतीय. खालच्या ओठात पाण्याच्या बुडबुड्यासारखी गाठ घेऊन फिरणारी. त्यांच्या आया म्हणतात, उष्णता झाली, दृष्ट लागली. मी त्यांना फाडफाड बोलते. म्हणते, बाई, आधी तोंड उघडून बघ, मग मीठ-मोहऱ्या ओवाळ. सगळ्या वस्तीत माझं नाव आहे त्याच्यासाठी. आणि हीच मी, नातवाचा दात बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी, हैदराबादला नोकरीला असलेल्या माझ्या पोराला फोनवर काय सांगते, तर तुला शिंका येताहेत, बाळाला लागेल, बारशाशिवाय येऊ नको. एकच शिंक आली होती त्याला. पोरीला आणि जावयाला म्हणाले, दाताचं कुणाला सांगू नका, फोटो धाडू नका, दृष्ट लागेल. व्हिडिओ कॉल केला की मी बाळाच्या तोंडावर दुपट्याचं टोक ओढायचे. पोरगी विचारायची, झाकतेस कशाला. मी म्हणायचे, वारं लागतं. पंखा बंद होता, माय.

पाचवीच्या दिवसापासून बाळ पिताना रडायला लागलं. दोन घोट, आणि मान मागं. ते रडणं मी ओळखलं नाही असं म्हणू कसं. आता तिशीत असलेल्या माझ्या पोरीचं तान्हेपणीचं तेच रडणं माझ्या कानात अजून आहे. तरी मी म्हणाले, पोटात वारा धरलाय. मग म्हणाले, तुलाच दूध कमी आहे, शतावरी घे. पोरगी बिचारी शतावरी घेत राहिली. चार दिवस मी त्याची जीभ उचलून बघितली नाही. बॅटरी माझ्या पिशवीतच होती. मला वाटत होतं, बघितलं की बोलावं लागेल, बोललं की माझ्या पोराला कळेल, आणि कळलं की तो पहिल्या गाडीनं येईल. तू दारात बसायचीस, मी फोनवर बसले.

नवव्या दिवशी पोरीनं स्वतःच मोबाइलचा उजेड पाडून जीभ वर केली आणि किंचाळली. जिभेखाली पांढरा, उचललेला, चिघळलेला चट्टा. जावयानं फोनवर काहीतरी शोधलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कॅन्सर तर नसेल ना, असं तो एकदाच हळू आवाजात म्हणाला, पण पोरीनं ऐकलं. मी अंगणवाडीतून वजनाचा काटा आणला आणि बाळाला झोळीत घालून टांगलं. काटा जन्माच्या वजनाच्या बराच अलीकडं थांबला. आजवर किती लेकरांची वजनं मी वहीत लिहिली असतील, पण हे लिहायला माझा हात वर झाला नाही.

आम्ही तसेच रिक्षानं लेकरांच्या दातांच्या डॉक्टरकडं गेलो. तरणी पोरगी, माझ्या पोरीच्याच वयाची. तिनं बाळाला माझ्या मांडीवर आडवं धरायला लावलं, एका बोटानं जीभ उचलली, दुसऱ्यानं दात चाचपला, आणि आमच्याकडं बघून चक्क हसली. "आजी, कॅन्सर-बिन्सर काही नाही. पिताना जीभ या दातावर घासतीय, तेवढीच जखम आहे. दाताची धार मोडते, आपोआप भरून येईल." माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नाही, कारण पुढं तिनं विचारलं की रडणं कधीपासून आहे. पोरगी म्हणाली, चार दिवस. मग चार दिवसांत तोंडात कुणी बघितलं नाही का, असं डॉक्टर म्हणाली. रागावली नव्हती, सहज विचारलं होतं. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. जगाच्या लेकरांची तोंडं बघणारी तिची आई. मी म्हणाले, नाही बघितलं. तिथं जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरनं बारक्या मशीननं दाताची कड घासली, वर सिमेंटासारखा एक ठिपका लावून ती गोल केली. दोन-तीन दिवस दूध काढून वाटी-चमच्यानं घाला, म्हणाली, आठ दिवसांनी दाखवा, भरलं नाही तर दात काढू. निघताना तिनं विचारलं, घरात आधी कुणाला असा दात होता का, पुष्कळदा घराण्यात असतो. मी पोरीकडं बोट केलं. तिच्याही आधी कुणाला, असं तिनं विचारलं, तर मी म्हणाले, विचारून सांगते.

म्हणून घरी आल्यावर मी शिरूरला मावशीला फोन लावला. तुझी धाकटी बहीण. सत्तरीच्या पुढं गेलीय, ऐकू कमी येतं. मी ओरडून विचारलं, मावशी, आपल्या घरात दात घेऊन कोण जन्मलं होतं गं? ती म्हणाली, "तुझ्या मायनं शप्पथ घातली व्हती मला. पर ती बी गेली आन् मी बी किती दिस. तूच की गं. तूच आली व्हतीस दात घिऊन."

मग तिनं सगळं सांगितलं. दादाच्या पाठीवर माझ्या वेळेसही तू माहेरीच बाळंतपणाला गेली होतीस. माझा दात बघून सगळे हसले होते म्हणे, माझा मामा तर सगळ्यात जास्त. मी सव्वा महिन्याची पण झाले नव्हते तेव्हा तो तापानं पडला आणि तीन दिवसांत गेला. तुझा आणि मावशीचा एकुलता एक भाऊ. दहाव्याला तुझी आई तुला सगळ्यांदेखत म्हणाली, ही पोर घेऊन या घरात पाय ठेवायचा नाही, पोर टाक नाहीतर माहेर टाक. मला झोळीत घातलंस, दोन वर्षांच्या दादाचा हात धरलास आणि चालत निघालीस. कुणी गाडी जुंपली नाही. परत कधी तिकडं गेली नाहीस, तुझी आई वारली तेव्हा कुणी तुला बोलावलं पण नाही. मावशी तुला चोरून भेटायची, आणि दर वेळी तू तिच्याकडून कबूल करून घ्यायचीस की मला हे कधी कळू द्यायचं नाही. मावशी म्हणाली, तुझी माय म्हणायची, "पोरीला कळलं तर मामा खाल्ला म्हणून जलमभर मान खाली घालून जगंल ती."

फोन ठेवून मी ओट्याला धरून उभी राहिले. तुझ्यापाशी उत्तर होतं, माय. मी उंबऱ्यातून ते बोलले तेव्हा एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं तुला. तुला पोरी नकोच होत्या म्हणणाऱ्या पोरीसाठीच तर तू माहेर टाकलं होतंस. पण ते वाक्य मला लागलं असतं, म्हणून तू भाकरी उलटलीस. मला लाज वाटली, पुष्कळ वाटली. पण खरं सांगू? लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. इतकी वर्षं मी मनात धरून बसले होते की माझ्या मायला मी नको होते. तसं नव्हतं. हे कळायला मला आजी व्हावं लागलं आणि तुझीच चूक जशीच्या तशी करावी लागली. मामा तापानं गेला, त्यात दाताचा काय संबंध, हे मला कळतं. आपल्या दादाला तर या पोरीचा दात चांगलाच मानवला, नव्वद किलो झालाय, लातूरला दुकान टाकलंय आणि डॉक्टरचं ऐकत नाही. एकदा भाऊ गमावलेली तू, पोरासाठी भ्यालीस. मी तर काही गमावलेलं नव्हतं, सत्तावीस वर्षं लोकांना शिकवत होते, तरी भ्याले.

तिसऱ्या दिवशी बाळ थोडं थोडं अंगावर प्यायला लागलं. आठ दिवसांनी डॉक्टरनं जीभ उचलून मला बोलावलं, या आजी, तुम्हीच बघा. मी बघितलं. चट्टा आक्रसून गुलाबी झालेला. काट्यावर टांगलं तर जन्माच्या वजनाच्या पुढं गेला होता, ते मी वहीत ठळक लिहिलं. मग मीच पोराला फोन केला आणि म्हणाले, ये, तुझा भाचा बघून जा. शनिवारी आला. बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडात बोट घातलं आणि ओरडला, अगं, हा चावतोय. दात आहे हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून बहिणीशी भांडला. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, गडबडीत राहून गेलं. माझ्यासमोर दोन दिवस ते बाळ त्याच्या छातीवर झोपलं, जबडा उघडा, दात दिसतोय. मी एकदाही झाकलं नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. घडी करून ठेवीन, नाहीतर फाडीन, बघू. एक सांगायचं राहिलं. पोरगा काल सकाळच्या गाडीनं परत गेला. स्टेशनवर सोडायला गेले, दर वेळेसारखं म्हणाले, पोचलास की फोन कर. घरी येऊन पोरीला वाढलं, जावयाला वाढलं. आई, तू पण बस, पोरगी म्हणाली, तर मी म्हणाले मला उपवास आहे. कसला उपवास ते कुणी विचारलं नाही. दुपारी तीनच्या पुढं त्याचा फोन आला, पोचलो म्हणाला. मग मी ताट वाढून घेतलं.